दहाव्या क्रमांकावरचा सलामीवीर

चंद्रशेखर त्रिंबक सरवटे यांची कसोटी कारकीर्द एका ओळीत मावते. ९ सामने, २०८ धावा, सरासरी १३, सर्वाधिक ३७. गोलंदाजीत ३ बळी, आणि एकेका बळीमागे सव्वाशेच्या घरात धावा. एवढे वाचून बहुतेक जण पान उलटतात. पण त्याच पानावर, शेजारच्याच रकान्यात, प्रथम श्रेणीचे आकडे असतात: १७१ सामने, ७,४३० धावा, १४ शतके, सर्वोच्च २४६, आणि ४९४ बळी, तेही साडेतेवीसच्या सरासरीने. दोन्ही ओळी एकाच माणसाच्या आहेत.

पहिल्या ओळीतले सरवटे म्हणजे कसोटीत न चाललेला खेळाडू. दुसऱ्या ओळीतले सरवटे हे माळव्याने घडवलेल्या आणि माळव्याला घडवणाऱ्या एका मोठ्या अष्टपैलू खेळाडूचे नाव. खरे सरवटे दुसऱ्या ओळीत आहेत. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी खेळाडूंच्या बाबतीत हेच म्हणावे लागेल, कारण त्या काळात भारताचे कसोटी सामने मोजके होते, मधली सहा वर्षे महायुद्धाने खाल्ली होती आणि खेळाडूचे सारे आयुष्य रणजी करंडकाच्या मैदानांवर जात होते.

उज्जैनहून इंदूर साधारण ५५ किलोमीटर. आजचा प्रवासी बसने निघतो आणि इंदुरात सरवटे बसस्थानकावर उतरतो. ते नाव चंदू सरवट्यांचे नव्हे, हे इथे सांगायला हवे. ते विनायक सीताराम सरवटे यांचे, म्हणजे इंदूरच्या स्वातंत्र्यसैनिक तात्यांचे. घटना समितीत ते सदस्य होते. चंदू सरवट्यांच्या उमेदीच्या काळात मात्र उज्जैनकर फतेहाबादमार्गे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने इंदूर गाठत, आणि या प्रवासात एका संस्थानातून निघून दुसऱ्या संस्थानात पोचत. उज्जैन शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे.

उज्जैनचा मराठी संसार जुना आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी क्षिप्रेकाठची मराठी घरे तिथेच राहिली. १९४०च्या दशकात उज्जैनच्या माधव कॉलेजात प्रभाकर माचवे शिकवत होते. गजानन माधव मुक्तिबोध याच शहरात वाढले आणि पुढे हिंदीतले मोठे कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठी कविता लिहिली. १९४८च्या आरंभी कुमार गंधर्व आजारी अवस्थेत देवासला येऊन राहिले. उज्जैन, देवास आणि इंदूर या तीन गावांच्या एवढ्याशा त्रिकोणात त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी माणसांनी काय काय केले, याची मोजदाद साहित्यात झाली, संगीतात झाली. खेळाच्या बाबतीत ती अर्धवटच राहिली, आणि याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

सरवट्यांचा जन्म २२ जुलै १९२०चा, सागरचा. सागर हेही मराठी सत्तेने वसते ठेवलेले गाव. गोविंदपंत बुंदेल्यांचा कारभार तिथून चालायचा. १९३६-३७च्या मोसमात, वयाच्या सोळाव्या वर्षी, सरवटे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या संघातून प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. नंतर ते महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडून खेळले, मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघातून खेळले. उजव्या हाताची संथ फिरकी हे त्यांचे पहिले हत्यार. लेगब्रेक टाकत, ऑफब्रेकही टाकत. फलंदाज म्हणून त्यांचे खरे स्थान वरच्या फळीत होते. कर्णधार अडचणीत असला की त्यांना कुठल्याही क्रमांकावर पाठवी, आणि ते जात. याच गुणाने त्यांना जगभर नाव मिळवून दिले, आणि याच गुणाने त्यांची कसोटी कारकीर्द कुठेच स्थिर होऊ दिली नाही.

ते होळकर संघात आले आणि त्यांना घर मिळाले.

होळकर संघाची गोष्ट सुरू होते कोट्टारी कनकय्या नायडू यांच्यापासून. नागपूरच्या या तेलुगू भाषक तरुणाला होळकर दरबाराने १९२३मध्ये इंदूरला बोलावले आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. भारताच्या पहिल्या कसोटीत, १९३२ साली लॉर्ड्सवर, नायडू कर्णधार होते. पुढे महाराजा यशवंतराव होळकरांनी त्यांच्याभोवती संघ उभा केला. १९४१-४२पासून रणजी करंडकाच्या यादीत ‘होळकर’ हे नाव येऊ लागले. इंदूरचेच मुश्ताक अली होते. १९३६मध्ये मँचेस्टरला शतक काढून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले होते. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. होते. आणि बाकीची यादी वाचताना मराठी कान टवकारतात: भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, खंडू रांगणेकर ठाण्याचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, शिवाय माधवसिंह जगदाळे, भांडारकर, सरवटे.

राजाश्रयाचे हे क्रिकेट आज वाचताना काहींना शौकाचे वाटते. तसे ते नव्हते. संस्थानच्या फौजेत किंवा खात्यात खेळाडूला नोकरी मिळे, तिच्यावर घर चाले आणि सरावाला वेळ राही. मुंबईचा खेळाडू बँकेत किंवा गिरणीच्या कचेरीत नोकरी करून खेळे, इंदूरचा होळकरांच्या दरबारी. फरक मालकाचा होता. सी. के. नायडूंची शिस्त तर फौजी होती. चेंडू लागला तरी अंग चोळायचे नाही, असा त्यांचा दंडक सांगितला जातो. पन्नाशी उलटल्यावर दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले, तेव्हा ते दात बाजूला सारून नायडू पुन्हा खेळायला उभे राहिले, ही हकिगत जुने लोक अजून सांगतात.

आता आकडे. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला. एकदाच चुकला, १९४८-४९मध्ये. चार वेळा करंडक जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. सहा वेळा हरला. त्या काळी स्पर्धा बाद पद्धतीची होती, एक सामना हरला की मोसम संपला; विभागवार साखळी सामने १९५७-५८पासून आले. त्या पद्धतीत अकरापैकी दहा वेळा शेवटपर्यंत टिकणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. मुंबईची मक्तेदारी सर्वांना पाठ असते. तिच्यासमोर इतकी वर्षे सलग उभा राहिलेला संघ एका संस्थानचा होता आणि त्याची राजधानी उज्जैनच्या शेजारी होती, हे फार थोड्यांना आठवते.

हरलेले सामनेही विसरण्याजोगे नाहीत. १९४४-४५चा अंतिम सामना ब्रेबोर्नवर झाला. मुंबईने ४६२ आणि ७६४ केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. एकाच सामन्यात २,०७८ धावा. विजय मर्चंट २७८. होळकरांना चौथ्या डावात ८६७ करायच्या होत्या, आणि त्यांनी त्या करण्याच्या ईर्ष्येनेच खेळायला सुरुवात केली. महायुद्धामुळे भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन या सामन्यात होळकरांकडून खेळला आणि २४९वर नाबाद राहिला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली. सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढे चेंडू दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. होळकर ३७४ धावांनी हरले. दोन वर्षांनी बडोद्याला विजय हजारे आणि गुल महंमद यांनी याच संघाच्या गोलंदाजीवर ५७७ धावांची भागीदारी रचली. असे तडाखे खाऊनही पुढच्या वर्षी हा संघ पुन्हा अंतिम सामन्यात हजर असे.

या संघाचा कळस म्हणजे १९४५-४६चा मोसम. म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२वर डाव सोडला, आणि त्या डावात सहा जणांनी शतके काढली: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००. प्रथम श्रेणीच्या एका डावात सहा शतके हा जगातला विक्रम आहे. शतकवीर म्हणून सरवट्यांचे नाव त्या सहांत येते. पण खरा सामना त्यांनी चेंडूने जिंकला होता. म्हैसूरचा पहिला डाव १९०मध्ये संपला, आणि त्यातले ९ बळी एकट्या सरवट्यांचे, ६१ धावांत. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वोत्तम गोलंदाजी. एकाच सामन्यात शतक आणि डावात नऊ बळी! ही कामगिरी दुसऱ्या कुठल्याही सामन्यात झाली असती तर वर्षानुवर्षे गाजली असती. इथे ती सहा शतकांच्या कौतुकात झाकली गेली. अंतिम सामन्यात पन्नाशीच्या नायडूंनी २०० धावा काढल्या, बडोदा हरले आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

त्याच मोसमाच्या शेवटी सरवटे भारतीय संघातून इंग्लंडला गेले. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. इफ्तिखार अली खान पतौडी कर्णधार होते. उन्हाळा ओला होता, दौरा लांबलचक होता. ११ मे १९४६ला ओव्हलवर सरेविरुद्ध सामना सुरू झाला. सरेकडे ॲलेक बेडसर होता, जो पुढच्याच महिन्यात लॉर्ड्सवर कसोटी पदार्पणात ११ बळी घेणार होता. भारताचे नऊ गडी २०५वर बाद झाले. दहाव्या क्रमांकावर सरवटे होते, अकराव्या क्रमांकावर बंगालचे वेगवान गोलंदाज शूटे बॅनर्जी मैदानात आले. डाव आता संपलाच म्हणून, सरेच्या डावासाठी कोणता रोलर फिरवायचा हे विचारायला मैदानाची माणसे येऊन गेली, असे सांगतात.

पुढची तीन तास दहा मिनिटे रोलर जागचा हलला नाही. सरवटे आणि बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. बॅनर्जी १२१वर बाद झाले, सरवटे १२४वर नाबाद राहिले, भारत ४५४. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतक काढल्याचे प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सबंध इतिहासात हे एकमेव उदाहरण आहे. त्याआधी असे घडले नव्हते, आणि त्यानंतरच्या पाऊणशेहून अधिक वर्षांतही घडलेले नाही.

या भागीदारीचे वर्णन नेहमी चमत्कार म्हणून केले जाते. सरवट्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्यात चमत्कार नव्हता. ज्याने त्याच मोसमात म्हैसूरविरुद्ध वरच्या फळीत खेळून शतक काढले, त्याला त्या दिवशी दहाव्या क्रमांकावर पाठवले होते, एवढीच गोष्ट आहे. भारतीय संघात फलंदाजांची इतकी गर्दी होती की सरवट्यांसारख्या खेळाडूला बॅट घेऊन यायला नऊ गडी बाद व्हावे लागले. इंग्लिश वार्ताहरांना दहाव्या क्रमांकाचा माणूस शतक काढताना दिसला. होळकर संघाचा सामना पाहिलेल्या माळव्यातल्या कोणाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

सामना तिथे संपला नाही, हेही फारसे कोणी सांगत नाही. सरे १३५मध्ये गारद झाले. त्या डावात सी. एस. नायडूंनी हॅटट्रिक घेतली. इंग्लंडच्या भूमीवर भारतीयाने घेतलेली ती पहिली. फॉलोऑननंतर सरेने ३३८ केल्या, आणि त्या डावात सरवट्यांनी ५ बळी मिळवले. भारत नऊ गडी राखून जिंकला. शतक, पाच बळी आणि विजय: एका अष्टपैलू खेळाडूने याहून जास्त काय करायचे असते? हॅटट्रिकवाले नायडू आणि शतकवाले सरवटे, दोघेही होळकर संघाचे. लंडनच्या त्या मैदानावर त्या तीन दिवसांत इंदूरचे पाणी दिसले होते.

जुलैत मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत सरवट्यांना भारताची टोपी मिळाली. त्या सामन्यात मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी १२४ धावांची सलामी दिली आणि उरलेला संघ १७०पर्यंत आटोपला. शेवटच्या दिवशी रंगा सोहोनी आणि दत्ताराम हिंडलेकर या शेवटच्या जोडीने तेरा मिनिटे खेळून काढली आणि कसोटी अनिर्णित ठेवली. सरवट्यांच्या वाट्याला त्या सामन्यात फारसे काही आले नाही, आणि त्या मालिकेतली ती त्यांची एकच कसोटी.

मग १९४७-४८चा ऑस्ट्रेलिया दौरा. देश नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीने संघ फुटलेला. कर्णधार नेमलेले मर्चंट प्रकृतीमुळे गेले नाहीत, मुश्ताक अली गेले नाहीत, रुसी मोदी गेले नाहीत, फजल महमूद पाकिस्तानचे झाले. लाला अमरनाथांच्या हाती आलेल्या संघाला सलामीची जोडीच नव्हती. मर्चंट-मुश्ताक यांच्या जागी विनू मंकड आणि सरवटे उभे राहिले. दीड वर्षापूर्वी ओव्हलवर दहावा क्रमांक दिलेला माणूस आता ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला चेंडू खेळत होता, समोरून रे लिंडवॉल.

जानेवारी १९४८मध्ये मेलबर्नला या जोडीने १२४ धावांची सलामी दिली. मँचेस्टरला मर्चंट-मुश्ताक जोडीने दिली होती तेवढीच. मंकडांनी ११६ केल्या, ऑस्ट्रेलियात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय. सरवट्यांनी ३६. धावफलकावर ३६ ही किरकोळ संख्या दिसते. पण समोरच्या टोकाला मंकड मोकळेपणाने खेळू शकले ते या टोकाला कोणीतरी उभे होते म्हणून, आणि नव्या चेंडूची धार बोथट होईपर्यंत उभे राहणे हेच त्या दिवशीचे काम होते. भारत मालिका ४-० हरला. पाचही कसोट्या सरवटे खेळले. पुढे वेस्ट इंडीजविरुद्ध आणि शेवटी १९५१-५२मध्ये इंग्लंडविरुद्ध ते खेळले, आणि नऊ कसोट्यांवर हिशेब थांबला.

गोलंदाज म्हणून त्यांना कसोटीत यश मिळाले नाही, हे मान्य करायला हवे. फिरकीत त्यांच्यापुढे मंकड होते, पुढे गुलाम अहमद आणि सुभाष गुप्ते आले. सरवट्यांच्या हाती चेंडू यायचा तो इतरांचे झाल्यावर. पण निवड समितीने त्यांना नेमके कशासाठी घेतले, याचे एकच उत्तर नऊ कसोट्यांत कधी दिसले नाही. कधी फिरकी गोलंदाज, कधी सलामीवीर, कधी खालच्या फळीचा आधार. मंकडांसारख्या असामान्य खेळाडूला हे झेपले. सरवट्यांना झेपले नाही, आणि यात दोष एकट्या सरवट्यांचा मानता येत नाही.

त्यांच्या सोबत्यांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२चा तेव्हाचा जागतिक विक्रम फक्त नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. चारशेच्या पुढे गेलेला हा फलंदाज आयुष्यात एकही कसोटी खेळला नाही. हिरालाल गायकवाडांना एक कसोटी मिळाली, १९५२ साली लखनौला पाकिस्तानविरुद्ध. या माणसांचे मोठेपण कसोटीच्या पट्टीने मोजले तर होळकर संघ म्हणजे सामान्य खेळाडूंचा जमाव ठरतो. मग दहा अंतिम सामने कोणी गाठले?

मे १९४८मध्ये मध्यभारत राज्य झाले. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. उज्जैन आणि इंदूर शतकांनंतर एका कारभाराखाली आले. ग्वाल्हेर संस्थानचा रणजी संघ १९४३-४४मध्ये एकच सामना खेळून थांबला होता, त्यामुळे शिंदेशाहीतल्या उज्जैनकरांना आपला म्हणावा असा संघ नव्हता. आता तो मिळाला, आणि त्याचे नाव होळकर होते. संस्थान विलीन झाले तरी रणजीच्या यादीत ते नाव सात वर्षे टिकले. मार्च १९५५मध्ये मद्रासने इंदूरला अंतिम सामना ४६ धावांनी जिंकला. त्यानंतर संघ मध्यभारताचा झाला, १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचा. राजाश्रय संपला, चांगले खेळाडू पांगले, आणि अंतिम सामना ही गोष्ट माळव्याच्या आठवणीतून कित्येक वर्षांसाठी गेली.

सरवटे खेळत राहिले. मध्य प्रदेशाकडून खेळले, विदर्भाकडून खेळले. त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द १९६८-६९च्या मोसमात संपली, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. सोळाव्या वर्षी सुरुवात केलेला हा माणूस तेहतीस मोसमांच्या पल्ल्यात १७१ सामने खेळला, म्हणजे मोसमाला सरासरी पाच. आजचा खेळाडू एवढे सामने निम्म्या वेळात उरकतो. वर्षभर वाट पाहून मिळणाऱ्या पाच सामन्यांसाठी बोटे आणि नजर तयार ठेवायची, तीन दशके, हे त्यांच्या पिढीने केले. प्रत्येक बळीची आणि धावेची किंमत त्यामुळे वेगळी लावली पाहिजे.

बोटांचा आणखी एक संबंध त्यांच्या आयुष्यात होता. पोटापाण्यासाठी ते बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. जगातले पहिले अंगुलिमुद्रा केंद्र १८९७मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे ठशांचे वर्गीकरण बसवले, आणि पोलिसांच्या तपासात व न्यायालयात हे शास्त्र भारतातच आधी रुजले. भिंगाखाली दोन ठसे ठेवून त्यांतल्या रेषा कुठे फाटतात, कुठे संपतात हे तासन्तास पाहण्याचे हे काम. घाई केली तर निर्दोष माणूस अडकतो. सरवट्यांनी मेलबर्नला नवा चेंडू खेळून काढण्यात जी चिकाटी दाखवली, ती या कामातही लागणारी होती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय निवड समितीवर होते. गुलाम अहमद अध्यक्ष, आणि सदस्य चंदू बोर्डे, बिशनसिंग बेदी, पंकज रॉय, चंदू सरवटे. या पाच जणांनी १९८३च्या विश्वचषकासाठी कपिलदेवचा संघ निवडला. मोहिंदर अमरनाथ, रॉजर बिन्नी, मदनलाल, कीर्ती आझाद असे दोन्ही अंगांनी उपयोगी पडणारे खेळाडू त्या संघात भरले होते. वेस्ट इंडीजचे ते दिवस पाहता या संघाकडून कोणी काही अपेक्षा ठेवली नव्हती. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर त्याने चषक उचलला. ज्याला आयुष्यभर अष्टपैलू असण्याची किंमत मोजावी लागली, तो माणूस ही निवड करणाऱ्या खोलीत बसला होता, ही गोष्ट समाधान देणारी आहे. २३ डिसेंबर २००३ला, वयाच्या ८३व्या वर्षी, इंदूरला त्यांचे निधन झाले.

उज्जैनच्या वाट्याला कसोटी खेळाडू आला तो पुढे, नमन ओझा. जन्म उज्जैनचा, १९८३चा. मध्य प्रदेशाचा यष्टिरक्षक म्हणून त्याने प्रथम श्रेणीत नऊ हजारांहून अधिक धावा काढल्या, २०१४मध्ये ब्रिस्बेनला भारत ‘अ’ संघाकडून नाबाद २१९ केल्या, आणि भारताकडून त्याला मिळाली एक कसोटी, ऑगस्ट २०१५मध्ये कोलंबोला. त्याच्या कारकिर्दीच्याही दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जून २०२२मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, जे १९९८-९९मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मध्य प्रदेशाचे पहिले विजेतेपद असे मथळे आले. राज्याच्या नावापुरते ते बरोबर होते. पण १९५२-५३ला कलकत्त्यात बंगालवर मात करून इंदूरला गेलेला करंडक याच मातीचा होता, आणि त्याआधीचे तीनही. माळव्याच्या वहीत २०२२चा करंडक पाचवा आहे. होळकरांचे चार त्या वहीत नोंदले गेले की त्यांच्याखाली नायडू, मुश्ताक, निंबाळकर, जगदाळे, गायकवाड ही नावे येतात, आणि म्हैसूरविरुद्ध शतक काढून एका डावात नऊ गडी बाद करणाऱ्या चंदू सरवट्यांचेही.